एडी लिओ घ्या आणि मोजा: थंड ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र वर्णपटातून कसं काढायचं

सिंह राशीच्या आयाळीत गॅमा लिओनिस हा दुसऱ्या प्रतीचा ठळक तारा आहे. त्याच्यापासून जेमतेम साडेपाच कलांवर नवव्या प्रतीचा एक तांबूस ठिपका आहे, एडी लिओ. अंतर सुमारे १६ प्रकाशवर्षं, पृष्ठभागाचं तापमान ३,४०० केल्विनच्या आसपास, स्वतःभोवतीची एक फेरी २.२४ दिवसांत. थंड ताऱ्यांचं चुंबकीय क्षेत्र मोजायला शिकायचं असेल तर श्रीगणेशा ह्याच ताऱ्यावर करावा. संकेत दणदणीत आहे, वर्णपट फुकट मिळतात, आणि उत्तर आधीच छापून आलेलं असल्यामुळे आपलं चुकलं की लगेच कळतं. सूर्यासारख्या शांत ताऱ्यापासून सुरुवात केलीत तर कित्येक दिवस नुसता गोंगाट मोजत बसाल.

लागणारं सामान फार नाही: साधा लॅपटॉप, पायथन, आणि आलेख डोळ्यांनी पाहायची सवय. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

आधी ठरवा, कोणतं क्षेत्र मोजताय

चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा फुटते, हे पीटर झीमनने १८९६ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं आणि जॉर्ज हेलने १९०८ मध्ये सूर्यडागांवर. फाटा किती पडतो ते वेगाच्या भाषेत लक्षात ठेवणं सोपं: १.४ गुणिले रेषेचा लांडे गुणक, गुणिले मायक्रॉनमधली तरंगलांबी, गुणिले किलोगाऊसमधलं क्षेत्र (गाऊस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, किलोगाऊस म्हणजे हजार गाऊस). उत्तर किलोमीटर प्रतिसेकंदात येतं आणि ते मधल्या जागेपासून एका बाजूचं सरकणं असतं. लांडे गुणक म्हणजे ती रेषा क्षेत्राला किती दाद देते त्याचं माप. काही रेषांचा तो शून्य असतो, काहींचा ३.

आता दोन आकडे काढून बघा. सूर्यासारख्या ताऱ्यावर सरासरी १०० गाऊस धरा आणि लोहाची ६१७.३ नॅनोमीटरची रेषा घ्या, तिचा लांडे गुणक २.५. सरकणं आलं ०.२२ किमी/से. ६५,००० विभेदनक्षमतेचा वर्णपटमापक ४.६ किमी/से पेक्षा बारीक काही सुटं करत नाही. म्हणजे फाटा रेषेच्या रुंदीत पार बुडाला. एडी लिओवर ३ किलोगाऊस, ०.९७ मायक्रॉन, गुणक दीड: सरकणं ६ किमी/से. हे साध्या वर्णपटातही रेषा फुगल्यासारखं दिसतं.

म्हणून रस्ते दोन. साध्या प्रकाशातला, म्हणजे स्टोक्स आयमधला, रेषेचा फुगवटा मोजला की क्षेत्राचं एकूण बळ मिळतं. उत्तर-दक्षिण कोणतीही दिशा असो, सगळं बेरजेत येतं. वर्तुळाकार ध्रुवण, म्हणजे स्टोक्स व्ही, मोजलं की चिन्हासकट निव्वळ क्षेत्र मिळतं. त्यात शेजारशेजारच्या उलट ध्रुवांच्या ठिगळांची वजाबाकी आपोआप झालेली असते. एडी लिओवर पहिल्या रस्त्याने सुमारे ३,००० गाऊस येतात आणि दुसऱ्याने दोन-तीनशे. दोन्ही बरोबर आहेत. ‘ताऱ्याचं क्षेत्र इतकं गाऊस’ असं मोघम वाक्य कुठेही दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: आयमधून की व्हीमधून? ह्या विषयातले निम्मे गैरसमज तो प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

आपण व्हीपासून सुरू करू, कारण तिथे चूक पकडायची सोय अंगभूत आहे.

वर्णपट आणणं

हवाईतल्या मौना केआवरच्या ३.६ मीटर सीएफएचटी दुर्बिणीवर एस्पॅडॉन्स आणि फ्रान्समधल्या पिक द्यु मिदीवरच्या २ मीटर बर्नार्ड लिओ दुर्बिणीवर २०१९ पर्यंत नार्व्हाल, ही जुळी उपकरणं. दोन्हींचा पल्ला ३७० ते १,०५० नॅनोमीटर. त्यांचे प्रक्रिया केलेले वर्णपट पोलारबेस ह्या खुल्या संग्रहात ताऱ्याच्या नावाने शोधता येतात. एडी लिओसाठी नार्व्हालचे २००७ आणि २००८ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीतले वर्णपट उचला. प्रत्येक रात्रीच्या फाइलमध्ये तरंगलांबी, स्टोक्स आय, स्टोक्स व्ही, दोन ‘नल’ आणि त्रुटी असे स्तंभ असतात. आधी फाइल उघडून कोणता स्तंभ कशाचा ते डोळ्याखालून घाला. व्हीच्या जागी नल वाचून ‘क्षेत्र सापडलं नाही’ म्हणणारे थोडे नाहीत.

व्हीचं एक मोजमाप म्हणजे लागोपाठचे चार फोटो असतात. ध्रुवणमापक दर वेळी प्रकाशाचे दोन झोत वेगळे करतो. पहिल्या आणि चौथ्या फोटोत ते एका क्रमाने पडतात, दुसऱ्या-तिसऱ्यात अदलाबदल करून. चौघांची गुणोत्तरं घेतली की उपकरणाचा पक्षपात छाटला जातो आणि व्ही उरतो. तीच चार चित्रं अशा जोड्यांनी जुळवली की खरं ध्रुवण आपसांत कटावं, तर नल मिळतो. नलमध्ये काही दिसलं तर ते ताऱ्याचं नाही. चार फोटो काढून होईपर्यंत तारा फारसा वळता कामा नये. एडी लिओला ती चिंता नाही, पण व्ही३७४ पेगासी ह्या एम ताऱ्याची (एम म्हणजे एडी लिओसारखे थंड, तांबूस तारे; के आणि जी त्यांहून क्रमाने उष्ण) फेरी ०.४४५६ दिवसांची, म्हणजे १०.७ तासांची आहे. तिथे चारही फोटो अर्ध्या तासात उरकले तरी तारा सतराएक अंश फिरलेला असतो.

तारा स्वतः निवडायचा असेल तर ही मापं सांभाळा: सूर्यासारख्या ताऱ्यावर ५ गाऊसचं निव्वळ क्षेत्र व्हीमध्ये दहा हजारांत तीन-चार इतकाच चढउतार देतं, एडी लिओवर तो शंभरात एक-दोन असतो. त्यावरून किती उजेड साठवावा लागेल ते ठरवा.

रेषांची यादी: इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात

एकेका रेषेत व्हीचा संकेत गोंगाटात बुडतो, म्हणून हजारो रेषा एकत्र करायच्या. ह्या पद्धतीला एलएसडी (लीस्ट-स्क्वेअर्स डीकन्व्होल्यूशन) म्हणतात. ती १९९७ मध्ये डोनाटी आणि सहकाऱ्यांनी मांडली. तिला एक यादी लागते, जिला सगळे ‘मास्क’च म्हणतात: प्रत्येक रेषेची तरंगलांबी, खोली आणि लांडे गुणक.

व्हाल्ड ह्या व्हिएन्नाच्या अणुरेषा-कोशात नाव नोंदवा आणि ‘एक्स्ट्रॅक्ट स्टेलर’ हा पर्याय घ्या. तापमान ३,५०० केल्विन, पृष्ठीय गुरुत्वाचा लॉग ५, पल्ला ३७० ते १,०५० नॅनोमीटर, आणि ‘लाँग फॉरमॅट’. छोट्या फॉरमॅटमध्ये हवी ती सगळी माहिती येत नाही. आलेली यादी अशी चाळा:

– लांडे गुणकाच्या जागी ९९ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ‘माहीत नाही’. ती ओळ काढा, किंवा तुमची प्रणाली गुणक स्वतः मोजत असेल तर तिला मोजू द्या. तशीच राहिली तर त्या रेषेला ऐंशीपट जास्त वजन मिळतं आणि व्हीचा आकार पार कामातून जातो.
– खोली १० टक्क्यांहून कमी असलेल्या रेषा टाका. संख्या वाढते, हाती काही लागत नाही.
– रेणूंच्या रेषा टाका. एम ताऱ्यात टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे सगळीकडे आहेत, पण त्यांचे गुणक भरवशाचे नाहीत.
– हायड्रोजनच्या ४८६.१ आणि ६५६.३, सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६, कॅल्शियमच्या ३९३.४, ३९६.८, ८४९.८, ८५४.२, ८६६.२ नॅनोमीटरच्या रेषा आणि त्यांच्या आजूबाजूचा टापू वगळा. त्या वरच्या, वर्णावरणातल्या थरातून येतात आणि एडी लिओसारख्या ताऱ्यात त्यांतल्या बऱ्याच उलट चमकतात.
– पृथ्वीच्या हवेचे पट्टे वगळा: ६२७.६–६३२, ६८६.७–६९७, ७१६–७३४, ७५९–७७१, ८१३–८३५ आणि ८९५–९८५ नॅनोमीटर.

आणि हवा की निर्वात, ते तपासा. तरंगलांबी हवेतली की निर्वातातली ह्यात ७०० नॅनोमीटरला जवळजवळ ८३ किमी/से चा फरक पडतो. पोलारबेसचे दृश्य वर्णपट हवेतल्या लांबीत असतात. सीएफएचटीवरच्याच स्पिरू ह्या अवरक्त उपकरणाचे निर्वातातल्या. मास्क एका जगातला आणि वर्णपट दुसऱ्या जगातला असला की एलएसडी सपाट रेघ देतो. नॅनोमीटर आणि अँग्स्ट्रॉमची गफलत त्याहून बरी, कारण तिथे प्रणाली निदान ओरडते तरी.

हजारो रेषांतून एक

पायथनमध्ये स्पेकपोलफ्लो हा खुला संच पिपने बसवता येतो; व्हाल्डच्या यादीपासून मास्क करणं, साफ करणं, एलएसडी आणि पुढचं गाऊसमधलं गणित, सगळं त्यात आहे. त्याआधी वर्णपट सातत्यकाला, म्हणजे रेषा नसत्या तर दिसला असता त्या उजेडाला, भागलेला हवा. जी आणि के ताऱ्यांत आपोआप झालेली भागणी बहुतेक वेळा चालते. एम ताऱ्यात खरं सातत्यक कुठे दिसतच नाही. पट्ट्यांच्या माथ्यांना टेकून एक खोटं सातत्यक काढावं लागतं. ते जरा वरखाली झालं तरी चालेल, पण सगळ्या रात्रींना एकच पद्धत लावा. सातत्यक हलवलं की रेषेचं क्षेत्रफळ बदलतं, आणि गाऊसचा आकडा त्या क्षेत्रफळाने भागूनच येतो. रात्रीगणिक वेगळं भागाल तर ताऱ्याचं क्षेत्र ‘बदलताना’ दिसेल.

एडी लिओचा आपल्यापासून दूर जाण्याचा वेग सुमारे १२.४ किमी/से आहे, तेव्हा वेगाचा पल्ला उणे ४० ते अधिक ६५ ठेवा, पायरी १.८ किमी/से, एस्पॅडॉन्स-नार्व्हालच्या पिक्सेलला ती जुळते. प्रमाणीकरणासाठी तरंगलांबी ७०० नॅनोमीटर आणि लांडे गुणक १.२ घ्या आणि हे दोन आकडे कुठेतरी ठळक लिहून ठेवा, पुढे लागतील. पाच हजार रेषांचं वर्गमूळ सत्तर, पण सगळ्या रेषा सारख्या वजनाच्या नसल्यामुळे पदरात पडतो तो फायदा दहापासून तीस पटींपर्यंत.

आलेला आलेख बघा. आयमध्ये १२ किमी/से वर एक स्वच्छ खळगा हवा. व्हीमध्ये त्याच जागी आडव्या एससारखी वेलांटी, एक उंचवटा आणि एक खड्डा. नल सपाट. खळगा आहे पण तळ तिरका किंवा दोन्ही बाजूंना लाटा असतील तर मास्कमध्ये अजून घाण आहे. खळगाच नसेल तर हवा-निर्वातकडे परत जा.

क्षेत्र ‘सापडलं’ कधी म्हणायचं ह्याचा दंडक ठरलेला आहे: रेषेच्या आतला व्ही निव्वळ गोंगाटातून येण्याची शक्यता लाखात एकापेक्षा कमी असली तर पक्कं, हजारात एक ते लाखात एकच्या मधे असली तर संशयित, त्याच्या वर असली तर नाही. हीच चाचणी नलला आणि रेषेच्या बाहेरच्या भागालाही लावायची. तिथेही ‘पक्कं’ आलं तर त्या रात्रीचा आकडा बाजूला ठेवा, मग व्ही कितीही देखणा असो.

आणखी एक झडती घ्यावीशी वाटते, वेळ लागला तरी. मास्कचे दोन भाग करा: मोठ्या लांडे गुणकाच्या रेषा आणि लहान गुणकाच्या. दोन्ही वेळा प्रमाणीकरण तेच. व्ही चुंबकीय असेल तर दोन्हींतून निघणारं क्षेत्र त्रुटीच्या आत सारखं येतं. उपकरणातून गळलेलं ध्रुवण असेल तर त्याला लांडे गुणकाशी देणंघेणं नसतं.

गाऊसमध्ये आणणं

आपल्याकडे तोंड करून असलेल्या अर्ध्या भागावरच्या, दृष्टिरेषेच्या दिशेतल्या क्षेत्राची सरासरी अशी: व्हीला वेगाने गुणून बेरीज करा, तिला आयच्या खळग्याच्या क्षेत्रफळाने भागा, आणि उणे २१४ अब्ज भागिले (नॅनोमीटरमधली तरंगलांबी × लांडे गुणक × प्रकाशाचा वेग) ह्या स्थिरांकाने गुणा. आपल्या ७०० आणि १.२ साठी, वेग किमी/से मध्ये धरून, तो स्थिरांक उणे ८५० येतो. समजा खळग्याचं क्षेत्रफळ ३.५ किमी/से आहे आणि वेगगुणित बेरीज १.०३. मग उणे ८५० × १.०३ ÷ ३.५, म्हणजे उणे २५० गाऊस. हे कागदावर एकदा हाताने करा. एलएसडी चालवताना वापरलेले दोन आकडे इथे वेगळे टाकले गेले तर उत्तर हळूच चुकतं आणि आलेखात काहीच दिसत नाही.

वेग ताऱ्याच्या स्वतःच्या मध्यापासून मोजा, शून्यापासून नाही. व्हीची निव्वळ बेरीज शून्य असल्यामुळे तत्त्वतः फरक पडू नये, पण गोंगाटाची बेरीज शून्य नसते. १२ ने गुणलेला गोंगाट फुकट अंगावर येतो. खिडकी, म्हणजे बेरीज करायचा वेगाचा पल्ला, मध्यापासून दोन्हीकडे १५ ते १८ किमी/से ठेवून बघा. ३ किलोगाऊसचं स्थानिक क्षेत्र व्हीचे पंख लांबवतं, म्हणून अरुंद खिडकी क्षेत्र कमी दाखवते. फार रुंद खिडकीत टोकांचा गोंगाट मोठ्या वेगाने गुणला जाऊन त्रुटी फुगते. खिडकी दोन-दोन किमीने वाढवत नेली की आकडा एका ठिकाणी स्थिरावतो. तिथे थांबा, आणि सगळ्या रात्रींना तीच लावा.

तोच हिशेब नलला लावा. उत्तर त्रुटीच्या आत शून्य यायला हवं.

२००७-०८ च्या वर्णपटांतून एडी लिओचे आकडे उणे २०० ते उणे ३०० गाऊसच्या पट्ट्यात यायला हवेत, सगळे ऋण. अधिक आले तर व्हीचं चिन्ह ठरवायचा रिवाज कुठेतरी उलटला आहे. उपकरणागणिक आणि प्रणालीगणिक तो बदलतो, आणि नवीन उपकरणाची माहिती हाती आली की एडी लिओसारखा ओळखीचा तारा चालवून चिन्ह पडताळणं हाच सोपा उपाय. पुढच्या वर्षांत मात्र ह्या ताऱ्याचं निव्वळ क्षेत्र ओसरत गेलं: २०२० पर्यंत ते उणे ५० च्या आसपासही नोंदलं गेलं आहे. तेव्हा नवीन वर्णपटात दोनशे आले नाहीत म्हणून घाबरू नका.

फेरी, झुकाव आणि नकाशा

प्रत्येक आकड्याला फिरण्याच्या कोणत्या टप्प्यावर घेतला ते चिकटवावं लागतं. छापलेला आवर्तकाल २.२३९९ दिवस, त्रुटी ०.०००६. वर्षभरात १६३ फेऱ्या होतात, म्हणजे त्रुटी साचून ०.१ दिवस, फेरीच्या साडेचार टक्के. दहा वर्षांत जवळजवळ अर्धी फेरी. म्हणून २००७ आणि २०१६ ची मोजमापं एकाच टप्प्याच्या अक्षावर ठेवू नका, ती वेगवेगळी हाताळा.

दुसऱ्या ताऱ्याचा आवर्तकाल टेस उपग्रहाच्या प्रकाशवक्रातून काढता येतो, पण एका सेक्टरची, म्हणजे आकाशाच्या एका पट्ट्याच्या सलग निरीक्षणाची, लांबी २७ दिवस. त्याच्या निम्म्याहून मोठा काल आला तर त्यावर विसंबू नका. टेसचा पिक्सेलही २१ विकलांचा आहे. एडी लिओपासून गॅमा लिओनिस सोळा-एक पिक्सेलवर येतो, तेव्हा त्या तेजस्वी ताऱ्याचा उजेड आपल्या पिक्सेलांत सांडलाय का ते आधी बघा.

झुकाव म्हणजे ताऱ्याचा अक्ष आणि आपली दृष्टिरेषा ह्यांतला कोन. तो काढायला आधी विषुववृत्ताचा वेग: ५०.६ गुणिले त्रिज्या (सूर्याच्या पटीत) भागिले आवर्तकालाचे दिवस. त्रिज्या ०.४ धरली तर विषुववृत्ताचा वेग ९ किमी/से. वर्णपटातून दिसणारा ३. म्हणजे झुकाव १९ अंशांच्या आसपास, तारा आपल्याला जवळजवळ डोक्यावरून दिसतो. त्या ३ मध्ये १ ची त्रुटी धरली की झुकाव १३ पासून २६ पर्यंत कुठेही सरकतो. डोक्यावरून बघत असल्यामुळेच निव्वळ क्षेत्र फेरीभर एकाच चिन्हाचं राहतं आणि नुसत्या त्या वक्रावरून आवर्तकाल काढणं जड जातं.

फेरीभर पसरलेली दहा-बारा मोजमापं जमली की पृष्ठभागावर क्षेत्र कसं पसरलंय त्याचा झीमन-डॉपलर नकाशा करता येतो. झेडडीआयपाय ही त्याची खुली प्रणाली आहे. इतक्या हळू फिरणाऱ्या ताऱ्यात बारीक तपशील मिळत नाहीत, गोलीय प्रसंवादी (गोलावरचा नकाशा ज्या तरंगांच्या बेरजेतून रचतात ते) चार ते आठ पायऱ्यांपलीकडे नेण्यात अर्थ नाही. जुळणी गोंगाटाच्याही आत शिरायला लागली की नकाशावर सुंदर ठिपके उमटतात. ते गोंगाटाचे असतात. आणि नकाशातलं सरासरी क्षेत्र एकूण क्षेत्राचा लहानसा हिस्साच असतो, हे नकाशाखाली लिहायला लाजू नका.

आता तो उरलेला मोठा आकडा

एकूण बळासाठी स्टोक्स आयकडे या. १९८५ मध्ये सार आणि लिन्स्की ह्यांनी एडी लिओच्या अवरक्त रेषांतून ३,८०० गाऊसचं क्षेत्र पृष्ठभागाच्या ७३ टक्क्यांवर, असं मांडलं होतं. गुणाकार २,८०० च्या आसपास. तीच मोजणी आज टायटॅनियमच्या ९६४ ते ९७९ नॅनोमीटरमधल्या रेषांवर करता येते आणि एस्पॅडॉन्स-नार्व्हालच्या पल्ल्यात त्या येतात. ह्या गटाची गंमत म्हणजे ९७४.३६ नॅनोमीटरच्या रेषेचा लांडे गुणक शून्य आहे. तिची रुंदी फिरण्याची, तापमानाची आणि उपकरणाची, क्षेत्राची अजिबात नाही. आधी ती जुळवून फिरण्याचा वेग आणि टायटॅनियमचं प्रमाण बांधून घ्या, मग शेजारच्या रेषांत जो जास्तीचा फुगवटा उरेल तो क्षेत्राच्या खात्यात टाका. एकच क्षेत्र धरू नका. ०, २, ४, ६ किलोगाऊस असे कप्पे करा आणि पृष्ठभागाचा किती वाटा कोणत्या कप्प्यात ते प्रणालीला शोधू द्या. वाट्यांची बेरीज १ हवी.

अडचण हवेतल्या पाण्याच्या वाफेची. हा टापू तिच्या रेषांनी भरलेला आहे, एलएसडीसाठी आपण तो वगळलाच होता. इथे वगळून चालत नाही. त्याच रात्री घेतलेल्या उष्ण, वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याच्या वर्णपटाने भागा किंवा वातावरणाचं प्रारूप वापरा, आणि वाफेची रेषा टायटॅनियमच्या रेषेवर नेमकी बसली असेल त्या रात्रीची ती रेषा सोडून द्या.

नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीचाही इथे संबंध येतो. काही एम तारे वर्तुळाकार ध्रुवण असलेले रेडिओ स्फोट करतात. ते सायक्लोट्रॉन प्रकारचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्राभोवती घिरट्या घालणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे, असतील तर वारंवारता दर गाऊसला २.८ मेगाहर्ट्झ पडते. ५५० ते ८५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असा स्फोट दिसला तर तो २०० ते ३०० गाऊसच्या जागेतून आला. ती जागा पृष्ठभागाच्या वर असते, त्यामुळे हा आकडा व्हीच्या आकड्याशेजारी मांडायचा, त्याच्या जागी नाही.

तक्ता करताना प्रत्येक ओळीत बॅरीसेंटरची (सूर्यमालेच्या वस्तुमानमध्यावरची) वेळ, टप्पा, व्हीचं क्षेत्र आणि त्रुटी, नलचं क्षेत्र आणि त्रुटी, खिडकीची रुंदी, मास्कचं नाव, आणि एलएसडीचे ते दोन आकडे.